घड्याळजीला विचारा : खिळ्यावरचं घड्याळ

मागच्या महिन्यात उत्तराच्या ओघात मी एक वाक्य लिहून गेलो की, फौजेत असताना लडाखमधल्या द्रासला दोन हिवाळे काढले आणि तिथं घड्याळं दुरुस्त केली. त्या एका वाक्यावर अकरा पत्रं आली. नुसत्या घड्याळांवर एवढी कधी येत नाहीत. तिकडं लातूरकडं येळवशीची तयारी चाललीय, इकडं परभणीत पहाटे पारा आठ-नऊवर उतरायलाय. तेव्हा या वेळी थंडीचंच घेऊ. ज्यांचे प्रश्न वेगळे आहेत त्यांनी रुसू नये, त्यांची उत्तरं मधे मधे आहेत.

लातूरहून एक निवृत्त शिक्षक : माझा मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. जाताना माझं एचएमटी जनता हट्टानं घेऊन गेला. 1978 साली लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ आहे. इथं कधी अडलं नाही. आता मुलगा सांगतो, बाहेर उणे तीसमध्ये ते मागं पडतं. एकदा तर बसस्टॉपवर बंदच पडलं आणि घरात आल्यावर आपोआप चालू झालं. खराब झालं का? परत मागवून घेऊ का?

सर, मागवू नका. आधी मुलाला एकच विचारा, तो घड्याळ जाकिटाच्या बाहीवरून बांधतो का? मी पैज लावतो, तसंच असणार. तिकडं एवढे जाड कपडे असतात की मनगट सापडत नाही. शिवाय आजोबांनी बापाला दिलेलं घड्याळ चारचौघांना दिसावं असंही पोराला वाटत असेल. त्यात त्याची चूक नाही.

आता कारण. आपल्याकडं थंडी पडली की बायका खोबरेल तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवतात. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते गोठतं. घड्याळाचं तेल तसं नसतं, ते पुष्कळ थंडी सोसतं, पण दाट तेही होतंच. चाकाच्या टोकाला, ज्वेलच्या (चाकाचं टोक ज्यात फिरतं तो खडा) वाटीत, टाचणीच्या अग्रावर मावेल एवढाच त्याचा थेंब असतो. तो थेंब काकवीसारखा चिकट झाला की सगळी यंत्रणा ओढत चालते. बॅलन्सचे, म्हणजे मागंपुढं झुलणाऱ्या चाकाचे, झोके आखूड होतात आणि मेन स्प्रिंगचा, म्हणजे चावी दिलेल्या स्प्रिंगचा, जोर पुरेनासा झाला की घड्याळ थांबतं. ऊब मिळाली, तेल पातळ झालं, की पुन्हा चालतं. पूर्वीच्या काळी घड्याळासाठी डॉल्फिनच्या जातभाईंच्या, म्हणजे पॉरपॉइज माशांच्या (मासे कसले, तेही आपल्यासारखेच सस्तन) जबड्याचं तेल वापरत, कारण ते थंडीत लवकर गोठत नसे. आता कारखान्यात बनवलेली कृत्रिम तेलं मिळतात. तुमच्या घड्याळात चाळीस वर्षांपूर्वीचंच तेल असेल तर ते आता तेल उरलेलं नाही, गोंद झालाय. मराठवाड्याच्या उन्हात तो गोंद कसाबसा पातळ राहिला, विनिपेगनं त्याची लबाडी उघडी पाडली, इतकंच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ज्या घड्याळानं मला हे शिकवलं तेही जनताच होतं.

1986 चा हिवाळा. मी ईएमईचा, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. सेलूहून मीटरगेजच्या गाडीनं सिकंदराबादला जाऊन ट्रेनिंग घेतलेलं. दुर्बिणी, होकायंत्रं, घड्याळं ही आमची कामं. झोजिला खिंड बर्फानं बंद झाली की रस्ता संपला, जे आहे त्यात भागवायचं. गार्ड कमांडर पौडी गढवालचे एक हवालदार होते. त्यांचं स्वतःचं एचएमटी जनता होतं, ते त्यांनी संत्रीच्या, म्हणजे पहारेकऱ्याच्या, खोपटात खिळ्याला अडकवलेलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. रात्रीचा पहारा तासातासाचा. त्या घड्याळात तास भरला की संत्री पुढच्याला उठवायचा.

आठवड्याभरात कुरबुर सुरू झाली. आपला तास लांबतो, असं जो तो म्हणू लागला. एका केरळच्या पोराच्या पायाची दोन बोटं पांढरी पडली. तो सरळ म्हणाला की, हवालदारसाब झोपतात आणि काटे मागं फिरवतात. फौजेत असा आरोप म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. घड्याळ माझ्याकडं आलं. मी बुखारीजवळ बसून तपासलं. (बुखारी म्हणजे केरोसीनवर चालणारी शेगडी. तिच्या काजळीनं नाकातून आठ महिने काळं येतं.) चोवीस तासांत आठ सेकंदांचा फरक. फिट. मी ‘ठीक है’ लिहून परत पाठवलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच ओरड.

मग मी स्वतःच रात्री दोनला खोपटात जाऊन उभा राहिलो. थर्मामीटर उणे 28 दाखवत होता. माझं घड्याळ मनगटावर, कोटाच्या आत, आणि जनता समोर खिळ्यावर. दहा मिनिटं ठीक चाललं. मग सेकंदकाटा अडखळला, आणि थांबला. संत्री वेळ बघायला वळला, त्याची कोपर खिळ्याला लागली, घड्याळ हललं आणि पुन्हा चालू झालं. थोड्या वेळानं पुन्हा थांबलं. म्हणजे जो संत्री वारंवार घड्याळ बघायचा त्याचा तास बरोबर भरायचा. जो मुकाट्यानं बाहेर उभा राहायचा त्याचा लांबायचा. ते केरळचं पोर मुकाट होतं.

हवालदारांची अब्रू वाचली. मी ते घड्याळ खोललं, पेट्रोलनं धुतलं आणि तेल आधीच्या निम्म्यानं घातलं. पण खरा इलाज हवालदारांनीच काढला. घड्याळ खिळ्यावर नाही टांगायचं. उतरणाऱ्यानं आपल्या मनगटावरून काढायचं आणि चढणाऱ्याच्या मनगटावर बांधायचं, लोकरी बनियनच्या बाहीखाली. रात्रभर ते असंच फिरायचं. माझी पाळी आली तेव्हा ते हातावर बसलं आणि पाठीमागचं झाकण गरम लागलं. आधीच्या माणसाच्या अंगाची ऊब होती ती. उणे 28 मध्ये गरम लोखंड हाताला लागणं म्हणजे काय, हे सेलूत बसून सांगता येणार नाही. तो हिवाळा संपेपर्यंत घड्याळ पुन्हा थांबलं नाही.

तेव्हा सर, मुलाला सांगा, घड्याळ बाहीच्या आत, कातडीला लागून बांध. चावी सकाळी घरात द्यायची, बाहेर नाही. आणि एक चूक मी केली ती त्यानं करू नये. बाहेरून आणलेलं थंडगार घड्याळ मी एकदा तसंच बुखारीपाशी खोललं. शेजारी किटलीत चहा उकळत होता. डोळ्याला भिंग लावून बघतोय तोवर हेअरस्प्रिंगवर, त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, दव. पुसून, वाळवून बंद केलं. पंधरा दिवसांनी गंज. ते एका मेजरसाहेबांचं होतं. त्यांनी मला काय ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. घड्याळ कधीही बंद असतानाच खोलीइतकं गरम होऊ द्यायचं, चार-पाच तास, मगच झाकण काढायचं. तिकडं कुणा घड्याळजीला दाखवायचं असेल तर मुलानं हेही सांगावं की, तेल बदलून द्या.

हिंगोलीहून : बॅटरीच्या घड्याळाला थंडी लागते का?

लागते. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि ही मोजणी साधारण 25 अंशांना जुळवलेली असते. थंडी पडली की तो किंचित संथ होतो आणि कडक थंडीत दिवसाला चार-पाच सेकंद मागं पडतो. त्यात बॅटरीचा जोरही कमी होतो. आकड्यांचं घड्याळ असेल तर आकडे इतके आळसावतात की जुना पुसायच्या आत नवा उमटतो. हिंगोलीत यातलं काही होणार नाही, निश्चिंत राहा.

गंगाखेडहून इयत्ता सातवीतली एक मुलगी : आजोबा, एवढ्या थंडीत तुम्ही आंघोळ कशी करत होता?

बाळा, करत नव्हतो. पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाळी यायची. त्या दिवशी भुसभुशीत बर्फ ड्रममध्ये भरून बुखारीवर वितळवायचा. ड्रमभर बर्फाचं पाणी किती व्हायचं? पाव ड्रमसुद्धा नाही. त्यातला आधी चहा, मग स्वयंपाक, उरलंच तर आंघोळ. तुझ्या आईला हे सांगू नकोस, नाहीतर ती म्हणेल की, मग तूही तशीच राहा.

अजून सांगतो. दात घासायची पेस्ट रात्री खिशात घेऊन झोपायची, नाहीतर सकाळी ट्यूबमधून दगड. अंडं फोडायला हातोडी लागायची. हे खरं आहे, मजा म्हणून सांगत नाही. बाहेर पहिला श्वास घेतला की नाकातले केस ताठ होऊन टोचायचे. मिशीवर बर्फ साचायचा आणि हसलं की मिशी ओढली जायची, म्हणून बाहेर विनोद सांगायला बंदी होती. उघड्या हातानं लोखंडाला हात लावला तर कातडी तिथंच चिकटून राहायची. मी पान्याला एकदाच लावला. डिझेल गोठायचं, म्हणून गाडीच्या टाकीखाली मशाल धरून ते पातळ करायचो आणि इंजिन रात्रीतून दोनदा-तीनदा चालू करून ठेवायचो. आता लडाखसाठी तेल कंपनीनं खास हिवाळी डिझेल काढलंय, उणे 33 अंशांपर्यंत ते गोठत नाही. आमच्या वेळी ते नव्हतं.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही. तिथं आवाज नसतो. बर्फ पडत असलं की सगळं इतकं गप्प होतं की आपल्याला आपल्याच घड्याळाची टिकटिक मनगटावरून ऐकू येते. एचएमटी सेकंदाला पाच वेळा वाजतं. रात्री मी ते मोजायचो.

पुढं मे महिन्यात सुट्टीवर परभणी स्टेशनात उतरलो. त्रेचाळीस अंश. प्लॅटफॉर्मवर अंगातला स्वेटर काढून मी नुसता उभा राहिलो. न्यायला आलेले वडील म्हणाले, “चल की आता, किती वेळ उभा राहायलास?” मला हलूच वाटेना.

उदगीरहून एक शिक्षिका : माझे बाबा फौजेत होते, तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं एचएमटी पायलट माझ्याकडं आहे. डायलवर तपकिरी डाग पडलेत. दुकानदार म्हणतो, डायल नवं रंगवून देतो, अगदी नवीन दिसेल. झाकणाच्या आतून कुणीतरी ओरखडे काढलेत, तर झाकणही बदलू म्हणतो. काय करू?

ताई, त्या दुकानदाराला नमस्कार करा आणि घड्याळ घेऊन घरी या.

डायल रंगवणं म्हणजे मूळ छपाई घासून टाकायची आणि वर नवी चढवायची. मूळ अक्षरं बारीक आणि रेखीव असतात, नवी जाडजूड येतात. एकदा घासलेलं डायल पुन्हा मिळत नाही. कारखानाच उरलेला नाही. बंगळूरला 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं घड्याळं सुरू केली, आणि घड्याळाचा धंदा बंद करण्यावर सरकारनं 2016 मध्ये शिक्कामोर्तब केलं. डाग राहू द्या. ते बहुधा ओल शिरल्याचे आहेत. बाबा जिथं जिथं होते तिथली ती ओल आहे. आतली सफाई, तेल आणि काच एवढंच करून घ्या. काच प्लॅस्टिकची असते, स्वस्तात बदलते.

आता ओरखडे. ते ओरखडे नाहीत हो! घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतो. पुढं कधी तेच घड्याळ परत आलं तर आपणच केलं होतं हे कळावं म्हणून. ही आमच्या धंद्याची जुनी रीत आहे, साऱ्या जगात चालते. भिंगाखाली धरून वाचा. कदाचित एखादी तारीख सापडेल, एखाद्या गावाचं आद्याक्षर सापडेल. बाबा कोणत्या साली कुठं होते हे त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून बघा. काय निघालं ते मला कळवा, मला उत्सुकता आहे. झाकण बदलू नका, कृपा करून.

नांदेडहून एक तरुण : काका, मी 1,450 रुपयांना ऑनलाइन एचएमटी घेतलं. हिरवंगार डायल, वर तिरंगा आणि ‘आर्मी’ लिहिलेलं. विकणारा म्हणतो, सैन्याला दिलेलं दुर्मीळ आहे. घड्याळ चालायलंय पण मित्र म्हणतात फसलास. खरं काय?

मित्र बरोबर आहेत. मशीन एचएमटीचं असेल, चालतही राहील, पण डायल कालपरवा रंगवलेलं आहे. मुंबईत अशी घड्याळं जोडणारे कारागीर आहेत. एकाचं मशीन, दुसऱ्याचं झाकण, तिसऱ्याचे काटे, वर भडक डायल. परदेशातले संग्राहक याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, कौतुकानं नव्हे. फौजी वस्तू मिरवण्यासाठी नसते, दादा. ज्या घड्याळावर लांबून तिरंगा दिसतो ते पहाऱ्यावर कोण घालेल?

ओळखायचं कसं, तर मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतंय का बघ. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात का बघ. स्क्रूची डोकी चघळल्यासारखी असतील तर शंभर हात त्यातून गेलेत. झाकणावरचं नाव आणि डायलवरचं नाव एकाच मॉडेलचं आहे का तेही बघ. पैसे गेले म्हणून रडू नको. मीही सुरुवातीला एक ‘वेस्ट एंड’ घेतलं होतं, त्यात आत वेगळ्याच कंपनीचं मशीन निघालं. ते अजून ठेवलंय, गर्व झाला की काढून बघतो.

बीडहून : आजोबांचं स्विस घड्याळ पूर्वी अंधारात चमकायचं, आता चमकत नाही. रेडियम संपलं का? घासून नवं लावून मिळेल का?

घासू नका, उघडूही नका. आपण चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो, मोटारसायकलच्या स्टिकरलासुद्धा, ते रेडियम नसतं. पण जुन्या स्विस घड्याळांत खरंच असायचं. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात, म्हणजे ते आहे तसंच आहे. संपलाय तो त्यात मिसळलेला चमकणारा पदार्थ. घासली की त्याची भुकटी उडते आणि ती श्वासात जाणं वाईट. बंद ठेवा, काचेतून बघा, पोरांच्या हातात देऊ नका.

अंबाजोगाईहून : सतरा ज्वेल म्हणजे सतरा माणकं. काढून विकली तर?

कारखान्यात बनवलेली माणकं आहेत, मोहरीहून लहान. विकून तुमच्या अंबाजोगाईच्या स्टँडवर चहा मिळणार नाही.

जालन्याहून एक संग्राहक मित्र : तुमच्याकडं आलो होतो तेव्हा कपाट बघितलं. सव्वाशेक घड्याळं, त्यात चाळीसच्या वर नुसती जनता! एवढं साधं, पांढऱ्या डायलचं, गल्लोगल्ली मिळणारं घड्याळ. जनताच का? आणि घेतलं की लगेच झाकण का काढता, वेळसुद्धा न बघता?

तुम्ही ते बघितलंत, मला वाटलं कुणाच्या लक्षात आलं नाही.

वर ज्या हवालदारांची गोष्ट सांगितली, ते 1987 च्या मार्चमध्ये बदलून गेले. रस्ता उघडायच्या आधीच, हेलिकॉप्टरनं. निरोपाचं काही झालं नाही. घड्याळ त्यांचं होतं, ते घेऊन गेले. त्यांचा पत्ता मी लिहून घेतला होता तो बर्फ वितळताना तंबूत पाणी शिरलं त्यात गेला. ते कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

पण ते घड्याळ मी धुतलं तेव्हा झाकणाच्या आत सुईनं खूण कोरली होती. बाकी सगळे इंग्रजी अक्षरं कोरतात. मी मराठीत ‘से’ कोरलं, सेलूचा से, आणि खाली 1-87. तसं दुसरं घड्याळ असणार नाही. माणूस म्हातारा झाला की पोरं घड्याळ विकतात, भंगारवाला घेतो, तो मोठ्या व्यापाऱ्याला देतो, व्यापारी शेकड्यानं इकडंतिकडं पाठवतो. पौडीचं घड्याळ परभणीत येऊ शकतं. नांदेडच्या त्या पोराचं मशीनसुद्धा कुठल्या गावाहून आलं असेल कोण जाणे. घरची मंडळी म्हणतात, चाळीस जनता घेऊन काय दुकान काढणार आहात? मी म्हणतो, हो.

आतापर्यंत सेहेचाळीस झाकणं उघडली. पुण्याची खूण निघाली, इंदूरची निघाली, एकात नुसतं ‘राम’ कोरलेलं होतं. गेल्या मंगळवारी तुमच्याच जालन्याच्या भंगार बाजारातून आणखी दोन आलीत. सकाळची थंडी आहे, टेबलावर ठेवलीत. खोलीइतकी गरम होऊ देतोय.